पाण्याच्या खेळाला मिळालेले मार्क

हल्ली रिक्षातून उतरलं तरी फोन विचारतो, किती तारे देता. डोसा मागवला, तारे. दाढ काढून आलं, तारे. मी देत नाही. माझी भाची एकदा म्हणाली, "मावशी, दे ना गं, त्या बिचाऱ्याचं रेटिंग वाढेल." मी तिला म्हटलं, रेटिंगने माणसाचं काय होतं ते मी डोंबिवलीत पाहिलंय, तुझा जन्मही झाला नव्हता तेव्हा. ती हसली. तिला वाटलं, मावशीची नेहमीची तिडीक. तिडीक आहेच, आणि ती कशावरून आहे ते आता सांगून टाकते.

नव्वदच्या दशकात मी मानपाडा रोडवरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. खाली स्टेशनरीचं दुकान, वर आमचा क्लास. जिन्यात चपलांचा ढीग, कारण कॉम्प्युटरच्या खोलीत धूळ चालत नसे. आत एसी, मशीनवर फुलाफुलांची कव्हरं, आणि कव्हर काढताना पोरांचे चेहरे असे की देवघराचा पडदा बाजूला करतायत. मालक उद्योगी माणूस होते. रविवारी मशीन रिकामी पडून राहतात हे त्यांच्या डोळ्यांत खुपायचं, म्हणून त्यांनी गेम क्लब काढला. ज्याला प्रोग्रॅम लिहायची हौस आहे त्याने स्वतःचा खेळ लिहून आणायचा, क्लबच्या मशीनवर ठेवायचा, आणि रविवारी सगळ्यांनी एकमेकांचे खेळ खेळायचे. कल्पना चांगली होती. मी आजही म्हणेन, चांगली होती.

त्याच सुमारास माझे बाबा घरी बसले होते. एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ते ड्राफ्ट्समन होते. कारखान्यातल्या पाइपांचे नकाशे काढायचे, कुठला पाइप कुठून जाणार, व्हॉल्व्ह कुठे बसणार. एके दिवशी कंपनीने ड्रॉइंग ऑफिसच बंद केलं आणि पन्नाशीतल्या माणसाला सांगितलं, आता या. माणूस घरी आला आणि घरातले सगळे नळ आवळत सुटला. आई भाजी फोडणीला टाकायची तर हे मागे उभे, "गॅस जरा मोठा आहे." आई एक दिवस पोळपाट ठेवून मला म्हणाली, "यांना कुठेतरी ने बाई. नाहीतर मीच कुठेतरी जाते."

मी त्यांना क्लासला नेलं. कोपऱ्यातल्या मशीनपुढे बसवलं आणि बेसिक, म्हणजे प्रोग्रॅम लिहायची भाषा, शिकवायला घेतली. पहिले काही दिवस ते की-बोर्डवर एका बोटाने असे टाइप करत, जणू बटण दाबलं की कारखाना उडेल. मग रेघ काढायची कमांड शिकवली आणि बाबा सुटले. रेघा हा तर त्यांचा प्रांत. पडद्यावर एक बिल्डिंग उभी राहिली, चार विंगा, खिडक्या, खाली टाकी, गच्चीवर टाकी, आणि मधून फिरणारे पाइप. असा त्यांचा खेळ तयार झाला.

खेळ असा होता. महापालिकेचं पाणी येतं, थोडाच वेळ. तुम्ही सोसायटीचा पंप चालवणारे. खालच्या टाकीतलं पाणी पंपाने वर चढवायचं आणि चारही विंगांचे व्हॉल्व्ह असे उघडायचे-मिटायचे की शेवटच्या मजल्यावरच्या घरापर्यंत पाणी पोचलं पाहिजे. सगळे व्हॉल्व्ह एकदम उघडले तर दाब पडतो आणि वरचे लोक बादल्या घेऊन गॅलरीत येतात. खालची टाकी रिकामी झाली आणि पंप चालूच राहिला तर मोटर जळते. गच्चीवरची टाकी भरून वाहिली तर सेक्रेटरी बनियनवर बाहेर येतो आणि हात हलवतो. तो सेक्रेटरी मोजून बोटभर उंच, पण हुबेहूब आमच्या बिल्डिंगचा. खेळाचं नाव 'पाणी आलं', आणि त्या मशीनवर मराठी अक्षरं उमटत नसल्यामुळे बाबांनी ती एकेक रेघ काढून स्वतः घडवली होती. वेलांट्यांची गोलाई त्यांच्या मनासारखी येईपर्यंत त्यांनी मला खेळ दाखवलासुद्धा नाही.

त्या खेळामुळे ते परत रोज दाढी करायला लागले. सकाळी चहा घेताना दुसऱ्या भागाबद्दल बोलायचे: एका बिल्डिंगऐवजी अख्खी डोंबिवली, मुख्य लाइन, उंचावरच्या वस्त्या, शेवटच्या टोकाला असलेली गावं. आई माझ्याकडे बघून हळूच मान हलवायची. दुसरा भाग होणं म्हणजे बाबा उभे राहणं, हे आम्हा दोघींना न बोलता कळत होतं.

आणि मग मालकांना मार्कांची अवदसा आठवली.

क्लबची हार्ड डिस्क सगळ्या मशीनना मिळून एकच, तीही म्हणजे कबुतराचं खुराडं. खेळ वाढले तशी जागा पुरेना. मालकांनी तोडगा काढला: खेळातून बाहेर पडताना कॉम्प्युटर विचारणार, शंभरपैकी किती? सगळ्यांच्या मार्कांची सरासरी काढायची, खेळांची यादी लावायची भिंतीवर, आणि महिनाअखेरीला ज्याची सरासरी साठच्या खाली तो खेळ मशीनवरून पुसायचा. "लोकशाही आहे मॅडम," मला म्हणाले. "लोक ठरवणार. आपण कोण?" भिंतीवर यादी लागल्यावर जिन्यातून जाणारी पोरं डोकावायला लागली, दोन-तीन नव्या अ‍ॅडमिशनही आल्या, मग तर ती सरासरी त्यांना गणपतीसारखीच पावली.

आता ही लोकशाही कशी चालली ते ऐका. इंजिनीअरिंगची चार-पाच पोरं होती. त्यांचे खेळ विमानांचे. परदेशी खेळ उघडायचा, आतलं नाव पुसायचं, आपलं घालायचं, झाला स्वतःचा खेळ. ते एकमेकांना शंभर द्यायचे, खेळायचेसुद्धा नाहीत. एकाच्या विमानाला थोडे कमी पडतायत म्हटल्यावर त्याने ठाण्याहून कॉलेजचे मित्र आणले. माजिवड्याकडची चौकडी, जिन्यात बूट काढायला कुरकुर करणारी. आले, खेळ उघडला, बंद केला, शंभर, उठले, दुसरा बसला, शंभर. चौघंही वडापाव खायला खाली गेले. माझ्या डोळ्यांसमोर झालं हे सगळं. मी मालकांना म्हटलं, "अहो, ही पोरं खेळलीच नाहीत." ते म्हणाले, "मार्क दिले ना पण?"

बाबांच्या खेळाला बसले की ही पोरं सगळे व्हॉल्व्ह एकदम उघडायची. मग लोक बादल्या घेऊन बाहेर. मग मोटर जळायची. "ये क्या है यार, साला पानी भरायचं तर घरीच भरतो ना आम्ही," एक जण म्हणाला आणि पाच मार्क देऊन उठला. दुसऱ्याने शून्य दिलं, कारण मोटर जळल्यावर पडदा काळा होतो तो त्याला मशीन बिघडल्यासारखा वाटला. तिसरा ब्लॅक अँड व्हाइट मॉनिटरवर बसला होता. त्याने 'कलर नाही' म्हणून दहा दिले. मॉनिटर क्लासचा, मार्क बाबांचे कापले. मी तिथेच त्याला सांगितलं, शेजारच्या मशीनवर बस, कलर दिसेल. "आता दिले ना मॅडम," म्हणाला. एकदा दिलेले मार्क बदलता येत नसत.

ज्यांना खेळ आवडला ते कुठे होते? ते खेळत होते. एक बँकेतले गृहस्थ यायचे, ते शेवटच्या विंगेपर्यंत पाणी पोचवल्याशिवाय खुर्ची सोडत नसत. पाळी संपली की पुढचा माणूस त्यांना अक्षरशः उठवायचा आणि मशीन बंद करून परत चालू करायचा. मार्क विचारणारा प्रश्न खेळातून बाहेर पडताना यायचा. बाहेर पडायचं कोणाला होतं? कंटाळलेला माणूस दोन मिनिटांत बाहेर पडून निवांत शून्य टाइप करायचा, आणि रमलेल्या माणसाला कोणी काही विचारलंच नाही. मी हे मालकांना फळ्यावर आकृती काढून समजावलं. ते म्हणाले, "तुमचे वडील आहेत म्हणून तुम्हाला लागतंय." हो, लागत होतं. वडील होते म्हणून लागत होतं आणि मी म्हणत होते ते खरंही होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात, पण या देशात बाईला राग आला की तिचं म्हणणं आपोआप खोटं ठरतं.

यापुढची गोष्ट लिहिताना आजही माझं डोकं तापतं. नियम असा होता की ज्याने खेळ लिहिला त्यानेही सगळ्या खेळांना मार्क द्यायचे, स्वतःच्यासुद्धा. पोरांनी स्वतःला अर्थातच शंभर दिले. बाबा बसले. मी शेजारी उभी. विमानांच्या खेळांना त्यांनी ऐंशी, ऐंशी, पंच्याऐंशी दिले. "पोरं आहेत, हुरूप येतो," म्हणाले. मग स्वतःचा खेळ आला. त्यांनी चष्मा पुसला आणि पन्नास टाइप केले.

"बाबा, हे काय?"

"का? त्या तिसऱ्या विंगेचा पाइप दोन ठिकाणी एकमेकांवर येतो. नीट जमलेलं नाही."

"ते कोणाला दिसतं? आणि दिसलं तरी पन्नास?"

"अगं, स्वतःच्या कामाला शंभर देणारा माणूस मी पाहिलेला नाही."

"मागे वळून बघा," मी म्हटलं. "चार बसलेत."

त्यांनी एंटर दाबलं. असा राग आला मला. पण माणूस आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो आणि त्याला सभ्यता म्हणतो, तिथे भांडणार कोणाशी?

आमच्या लोकांत मार्क देणं म्हणजे अंगावरचं मांस कापून देणं. पुरणपोळी अप्रतिम झाली तर 'बरी झालीय'. मुलगी पसंत पडली तर 'आमची हरकत नाही'. 'वाईट नाही' ही तर शाबासकीच, ती मिळवायला जन्म जातो. कोणी तोंडभर कौतुक केलं की आम्हाला शंका येते, याला काहीतरी हवंय. अशा लोकांच्या हातात शंभरपैकीचं माप दिलं आणि त्यांच्या शेजारी दुसरीच माणसं बसवली, ज्यांच्यात शंभरचा अर्थ 'आपला भाऊ आहे' एवढाच. आणि दोघांचे आकडे एकाच भांड्यात ढवळून त्याला म्हणे सरासरी.

महिना संपला. माझ्या बॅचच्या पोरींनी नव्वद-नव्वद दिले होते, तरी बाबांच्या खेळाची सरासरी साठच्या जरा खाली राहिली. अगदी जरा. मालकांनी सगळ्यांसमोर नावं वाचली आणि मशीनवर बसून एकेक खेळ पुसला. बाबा तिथेच होते. त्यांनी पुढे वाकून पाहिलंसुद्धा, मालकांनी कमांड बरोबर दिली का ते. मी म्हटलं, "थांबा जरा." बाबाच मला म्हणाले, "राहू दे. नियम आहे." घरी येताना वाटेत त्यांनी भाजी घेतली, टोमॅटो दाबून बघितले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला डोंबिवलीची मुख्य लाइन निघाली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आईने विचारलं तर म्हणाले, "बघू, पावसाळ्यानंतर."

पुढच्या रविवारी एक निवृत्त गणिताचे शिक्षक क्लासला आले. हे क्लबमधले सगळ्यात वयस्कर. धोतर नव्हे, पँट-शर्टच, पण इस्त्री अशी की कागद वाटावा. दर रविवारी यायचे आणि फक्त पाण्याचा खेळ खेळायचे, बाकी कुठल्याही खेळाकडे बघायचे नाहीत. मशीनपुढे बसले, यादी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि मला बोलावलं.

"तो पाण्याचा खेळ दिसत नाही."

"काढला, सर. मार्क कमी पडले."

"कमी? कोणी कमी दिले?"

"तुम्ही किती दिले होते?"

"साठ," ते ताठ होऊन म्हणाले. "साठ म्हणजे फर्स्ट क्लास. मी सगळी नोकरी नववी-दहावीला गणित शिकवण्यात घालवली. तोंडी परीक्षेत साठच्या वर मी कोणालाही दिले नाहीत. माझा स्वतःचा मुलगा माझ्या वर्गात होता, त्याला छप्पन्न दिले."

"सर, इथे साठ म्हणजे काठावर. सत्तर-ऐंशी दिले असते तर तो खेळ राहिला असता."

त्यांनी यादी पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिली. "हे मला कोणी सांगितलं नाही," म्हणाले. "मला वाटलं, मी पहिला नंबर दिला."

राग त्यांच्यावर काढावा असं काही नव्हतं. उलट मला एकदम बळ आलं. मी म्हटलं, "सर, तुम्ही आत्ता घरी चला. बाबांना हेच सांगा. मशीनवरून पुसला असला तरी त्यांच्या फ्लॉपीवर खेळ आहेच. दुसरा भाग त्यांच्या डोक्यात तयार आहे. फक्त तुम्ही तोंडाने एकदा सांगा." ते नको-नको म्हणत होते, आगंतुकासारखं कसं यायचं, न कळवता. मी त्यांना अक्षरशः रिक्षात घातलं.

घरी बाबांनी स्वागत केलं, पंखा मोठा केला. आईने पोहे टाकले. दोघं समोरासमोर बसले, आणि काय बोलले? रस्त्याचे खड्डे. कुठल्या शाळेची पटसंख्या किती घसरली. एमआयडीसीचा वास पूर्वी संध्याकाळी यायचा, आता सकाळीही येतो. मी सरांकडे डोळे मोठे करून बघत होते. ते पोह्यांतले शेंगदाणे वेचत होते. मीच शेवटी म्हटलं, "बाबा, सर तुमच्या खेळाबद्दल बोलायला आलेत."

सर खोकले. "हो. म्हणजे... बरा होता तुमचा खेळ."

"छे, हो," बाबा म्हणाले. "काही खास नव्हता. पाइपच नीट आले नव्हते."

"नाही, तसं... वाईट नव्हता."

"तुम्ही दर रविवारी खेळायचात, हिने सांगितलं. आभारी आहे."

आणि परत खड्डे. मी स्वयंपाकघरात जाऊन आले, परत बाहेर आले, तरी खड्डेच. एवढ्यासाठी त्या माणसाला मी रिक्षात घालून आणलं होतं. एकाच्या तोंडातून एक धड वाक्य निघत नव्हतं आणि दुसऱ्याला ते निघालं असतं तरी घ्यायचं नव्हतं. दोघंही सुशिक्षित, दोघंही सज्जन, आणि मला दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटत होती.

सर निघाले. दारात चप्पल घालताना एकदाचे वळले. "तो दुसरा भाग करताय म्हणे. झाला की मला बघायला आवडेल."

मी मनात म्हटलं, आलं, शेवटी आलं.

बाबा सहज म्हणाले, "नाही, ते आता राहिलं. परवा हिच्या क्लासला गेलेलो, ही बॅच घेत होती. तेव्हा बसून सगळ्या फ्लॉप्या कोऱ्या करून टाकल्या. मुलांना प्रॅक्टिकलला लागतात, हिला उपयोगी पडतील."

सरांनी मान डोलावली. "हे चांगलं केलंत," ते मनापासून म्हणाले. "वाया नाही गेल्या." नमस्कार करून जिना उतरले.

म्हणजे आता तो खेळ कुठेच नव्हता. बिल्डिंग, चार विंगा, बनियनवरचा सेक्रेटरी, ती रेघारेघांनी घडवलेली मराठी अक्षरं, काही म्हणजे काही शिल्लक नव्हतं. बाबा आत येऊन पंखा बारीक करत होते. मी टेबलावरच्या कपबशा उचलल्या आणि मोरीत अशा आपटल्या की आई दचकून मागे सरकली.

"अगं, हळू," बाबा बाहेरून म्हणाले. "फुटतील."

"फुटू देत," मी म्हटलं. "या घरात एक तरी गोष्ट आवाज करून फुटू दे."